कोपऱ्यातली अर्धी ढेप

१४ एप्रिल १९९८, मंगळवार

भिंत पडली!

कुणाला लागलं नाही हे नशीब. एमिल जेवायला घरी आला होता म्हणून वाचला. सूप अर्धं झालं असेल-नसेल तोच शेजारच्या ड्वेनचा फोन — "लिबी, नवऱ्याला सांग, त्याचं घर बसलं. बसलं म्हणजे अगदी मांडी घालून बसलं!"

गेलो तर म्युझियमच्या आवारात, जुनी शाळा आणि जुनं रेल्वे स्टेशन यांच्या मधोमध, नुसता मातीचा ढीग. महिन्याभराची मेहनत. गावाला सव्वाशे वर्षं होतायत, वीस जूनला मोठा समारंभ, आणि तोवर तिथे ढेपांचं घर उभं राहायला हवं. आमचे आजे-पणजे नेब्रास्कात आले तेव्हा इथे घर बांधायला ना झाड होतं ना दगड. गवत-मुळांसकट जमीनच कापून काढली, हातहातभर लांबीच्या ढेपा विटांसारख्या रचल्या आणि राहिले त्यात. तसं घर.

एमिल टोपी हातात धरून उभा. एक ढेप उचलली तर शिळ्या केकसारखी चुरा होऊन बोटांतून गळाली.

"माझ्या कुरणातल्या आहेत रे, चांगल्या हिरव्यागार!" ड्वेन म्हणाला. त्याच्या तोंडावर बिचाऱ्याच्या असं काही होतं की त्यालाच धीर द्यावा लागला.

हिरव्यागार असून काय उपयोग? ड्वेनचं कुरण त्याच्या बापानं एकदा नांगरलं होतं. दुष्काळानंतर पुन्हा गवत पेरलं. पेरलेल्या गवताची मुळं वरवरची, एकमेकांना धरून राहत नाहीत. ज्याला जन्मात नांगर लागला नाही असा माळ हवा. तो आणायचा कुठून? सव्वाशे वर्षं आम्ही दुसरं केलं काय? नांगरलंच! त्याचाच तर वाढदिवस करतोय.

एक जागा उरली आहे. एमिलला माहीत आहे, मला माहीत आहे. भांडी धुताना दोघांनीही तिचं नाव काढलं नाही.

१५ एप्रिल

डॉक्टर. एमिलच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. ओमाहाला जाऊन ऑपरेशन करायचं — "उन्हाळा लांबवू नका." डॉक्टर आमच्या लेकीपेक्षा, कॅरलपेक्षाही लहान दिसतो, पण स्पष्ट बोलला. करून घेतलं तर वर्षं मिळतील, नाही घेतलं तर सांगता येत नाही.

एमिल म्हणाला, "घर उभं राहिलं की येतो."

मी डॉक्टरांसमोर भांडले. मग गाडीत भांडले. त्यानं रेडिओवर मक्याचे भाव लावले. मक्याशी आता आमचा काय संबंध? जमीन ड्वेनला कसायला देऊन किती वर्षं झाली!

१९ एप्रिल, रविवार

चर्चहून परस्पर माळावर गेले. एमिल गाडीतच बसला, "तू जा" म्हणाला.

आमच्या शेताच्या उत्तर टोकाला तो तुकडा. चारी बाजूंनी मका आणि मधे ही जटा वाढवून बसलेली जमीन. गावात तिला 'आळशाचा तुकडा' म्हणतात — माझ्या आजोबांना नांगरायचा कंटाळा आला असणार म्हणून. म्हणोत. आईचा जन्म तिथे झाला, आजोबांच्या ढेपांच्या घरात. पुढे लाकडाचं घर झालं तेव्हा ते जुनं घर कुणी पाडलं नाही. पावसा-बर्फानं हळूहळू बसत बसत मातीत गेलं. आता नुसता उंचवटा आहे, वर गवत. लहानपणी मी त्यावरून घसरगुंडी खेळायचे तर आई ओरडायची, "छपरावरून उतर!"

आई तिथे गेली की बूट काढायची. थंडी असो, काटे असोत. मलाही काढायला लावायची. जाताना हात धरून सांगितलं होतं — "इथे लोखंड लावू नकोस, लिबुश्का." मी हो म्हटलं. मरणाऱ्या आईला कोण नाही म्हणतं? पण मी मनापासून हो म्हटलं होतं.

रानफुलं आलीत. ती जांभळी, केसाळ, बर्फ वितळताच येणारी. मोजे ओले करून परत आले. एमिलनं गाडीतला हीटर माझ्या पायांकडे वळवला.

२६ एप्रिल, रविवार

पश्चिमेला जाऊन आलो. एमिलला तिकडचं ढेपांचं घर बघायचं होतं, तीस वर्षांपूर्वी बांधलेलं, अजून उभं आहे. आमच्याच राज्यातल्या या जागा — मी कधी पाहिल्या नव्हत्या! लोक कुठून कुठून येतात. आम्ही म्हणायचो, कुठे पळून चाललंय?

एमिल भिंतीला कान लावल्यासारखा उभा. दर तिसऱ्या थराला ढेपा आडव्या घालतात, गवताची बाजू खाली, हे त्याला माहीत होतं. खिडकीच्या वर मुद्दाम वीतभर फट ठेवून तिच्यात चिंध्या कोंबतात, हे माहीत नव्हतं. का, तर भिंत वर्षभर खाली बसत राहते, फट नसेल तर काच फुटते. तिथल्या राखणदार बाई म्हणाल्या, "घराला बसायला जागा ठेवावी लागते." एमिल वाटभर तेच घोकत होता.

परत येताना जुन्या वाटेच्या चाकोऱ्या पाहिल्या. पश्चिमेला जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी टेकडी अशी कापली आहे की माणूस कमरेपर्यंत आत जातो. छोटासा चढ. एमिल मधेच चाकोरीत बसला. मला दाखवत होता की दृश्य बघतोय. दृश्य कसलं, कपाळावर घाम.

मी शेजारी बसले. म्हणाला, "एवढे लोक इथून गेले, लिबी. सगळ्यांना पुढे जायचं होतं. आपलेच तेवढे मधे थांबले."

"बैल थकले असतील."

"नाही. बायको म्हणाली असेल, बस झालं."

हसला. मग त्याला चढाला हात देऊन उठवलं. लोकांना वाटलं असेल म्हातारा-म्हातारी लाडात आलीत. आलोच होतो म्हणा.

अजून त्यानं माळाबद्दल विचारलेलं नाही.

२ मे

एमिलला छातीची गोळी जिभेखाली ठेवताना पकडलं. म्हणे पेपरमिंट!

६ मे, बुधवार

म्युझियमची बैठक. आर्लीन अध्यक्ष. बाई चांगली आहे, पण तिला सगळं वेळेत आणि स्वच्छ हवं. म्हणाली, "आपण सिमेंटच्या विटा लावू, वरून मातीच्या रंगाचा गिलावा. आतून कुणाला कळणारे?"

"मला कळेल," एमिल.

"एमिल, अहो, तुम्हाला सोडून बाकीच्या जगासाठी बांधतोय आपण हे."

मग ती माझ्याकडे वळली. चाचरतच म्हणाली, "लिबी, तुमचा तो उत्तरेकडचा तुकडा — त्यातला अर्धा एकर जरी —"

"तो विषय काढायचा नाही." एमिल इतक्या जोरात बोलला की ड्वेनच्या हातातली कॉफी सांडली.

घरी येऊन बीन्स-खिम्याची तिखट चिली केली, सोबत दालचिनीचे रोल. त्याला आवडतात म्हणून. चाळीस-पन्नास वर्षांत माणूस किती वेळा असा आपल्या बाजूनं उभा राहतो? मला रडू येत होतं, कांद्यावर ढकललं.

९ मे, शनिवार

एमिल शीळ घालतोय.

कोठारात औजारांना तेल लावत, चक्क पोल्का नाचाची धून! ज्याची भिंत पडली, ज्याचं काम अडलं, ज्याला सगळं गाव रस्त्यात थांबवून विचारतं, "काय एमिल, कधी?" — तो शीळ घालतो? भिंत उभी होती तेव्हा तर तोंड पाडून होता. मला काही हे बरं वाटत नाही.

११ मे, सोमवार

ठरवलं.

सकाळी आई स्वप्नात आली नाही, काही नाही. नुसती उठले आणि ठरलेलं होतं. आई गेली. एमिल आहे. घर होत नाही तोवर तो ओमाहाला जात नाही, आणि माळ दिल्याशिवाय घर होत नाही. यात विचार करण्यासारखं काय उरलं?

ड्वेनकडे गेले. त्याच्या आजोबांचा ढेपा कापायचा नांगर त्याच्याकडे आहे, दरवर्षी मळणीच्या जत्रेत मांडतो. म्हटलं, धार लाव.

"लिबी, तुझी आई मला पछाडेल."

"आधी मला पछाडेल. तू रांगेत दुसरा."

रात्रीच्या जेवणाला एमिलला सांगितलं. वाटलं होतं, उठून मला जवळ घेईल. त्यानं चमचा खाली ठेवला.

"नको."

"अरे पण —"

"नको म्हटलं ना! तुला कुणी सांगितलं मधे पडायला?"

आणि टोपी घेऊन बाहेर. एवढा माझ्यावर कधी ओरडला नव्हता. कॅरल झाली तेव्हा गाय व्यायली म्हणून उशिरा आला आणि मी भांडले, तेव्हाही नाही.

१२ मे, मंगळवार

सकाळी कोठारात गेले. बादली पालथी घालून बसला होता. मी दुसरी बादली पालथी घातली.

मग जमिनीकडे बघत म्हणाला —

"ढेपा मिळत नव्हत्या तोवर बरं होतं, लिबी. घर अडलंय, मी काय करू, असं म्हणता येत होतं. घर झालं की मला जावं लागेल. तिथे छाती उघडतात. करवतीनं. मी जन्मभर लाकूड कापलंय गं. करवत काय करते ते मला माहीत आहे."

मी थक्क! म्हटलं, "आणि मी समजत होते, माझ्या आईसाठी थांबलायस! रोल केले तुझ्यासाठी!"

"तिच्यासाठी पण," तो घाईघाईनं म्हणाला. "दोन्ही. खरंच दोन्ही."

हसू आलं की रडू, काय माहीत. दोघं बादल्यांवर बसून नाकं पुसत होतो. मी म्हटलं, मलाही भीती वाटते. म्हटलं, मला तुझ्याहून जास्त वाटते, कारण तू तिथे झोपलेला असशील आणि मी बाहेर जागी. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझा हात धरून ठेवला.

मग म्हणाला, "ड्वेनला सांग, दव वाळल्यावर ये."

१४ मे, गुरुवार

कापलं.

मी बूट काढून उभी होते. एमिलनंही काढले. ड्वेन माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "लिबी, मी बूट काढून नांगर धरला तर तुला ढेपांबरोबर माझी बोटंही मिळतील." मग काय वाटलं कुणास ठाऊक, टोपी तरी काढली.

नांगर आत गेला तेव्हा जाड कापड फाटावं तसा आवाज आला. मुळं तुटण्याचा. लांबच लांब. मी डोळे मिटले नाहीत. आईनं विचारलं तर सांगायला हवं, मी बघत होते म्हणून. पट्टा उलटून पडला तो काळाभोर, खालून मुळांनी विणलेला. एमिलनं फावड्यानं हातभर तोडला, उचलला, हलवला. हललं नाही काही! एक कण सांडला नाही.

"हे बघ," एवढंच म्हणाला.

मग एक गोष्ट झाली. ऊन तिरपं होतं. ड्वेन नांगर वळवताना थांबला, म्हणाला, "इथे आधीच कुणीतरी कापलंय." उंचवट्याच्या पलीकडे गवतात पट्टे होते, नांगराच्याच रुंदीचे, सरळ, एकाशेजारी एक. जरा खोलगट. त्यात गवत तेच, फुलं तीच, पण उंची किंचित कमी. जन्मभर त्यावरून चालले, दिसलं नव्हतं.

आजोबांनी घर बांधलं ते ढेपा कुठून आणून? इथूनच की! आईच्या जन्माआधीच इथे लोखंड लागलं होतं. आईला माहीत नव्हतं. आणि माळ भरून आला होता. शंभर वर्षं लागली, पण भरून आला.

मी तिथे बसून मनसोक्त रडले. ड्वेन बिचारा नांगरावरची माती काढत राहिला, नव्हती तरी.

३० मे

भिंती खांद्याला आल्या. ड्वेन आणि चर्चची मंडळी रचतात. एमिल खुर्चीवर बसून हुकूम सोडतो — "आडवी! ही आडवी! गवत खाली, गवत खाली!" आर्लीनसुद्धा हातमोजे घालून आली. नखं मात्र आधीच रंगवून. जेवायला मी कोलाची, खसखस भरलेले गोड पाव, नेले; ट्रे चाटूनपुसून परत आला.

खिडकीवर फट सोडली. माझा जुना एप्रन फाडून कोंबला.

१८ जून, गुरुवार

घर झालं. एक ढेप सोडून.

दाराच्या आतल्या बाजूला वरच्या कोपऱ्यात अर्ध्या ढेपेची जागा होती. ड्वेन ती बसवणार तोच एमिल म्हणाला, "राहू दे. ही मी आल्यावर लावीन."

"दोन मिनिटांचं काम आहे, एमिल."

"म्हणूनच. दोन मिनिटांचं काम बाकी असलं की माणूस परत येतो."

ती अर्धी ढेप कपड्यांच्या टबात घालून घरी आणली. ओली ठेवायची, असं मला बजावलंय.

२० जून, शनिवार

समारंभ. बँड, भाषणं, डुकराचं मांस, डंपलिंग आणि आंबट कोबी, ऊन. घरापुढे रांग. आयोवाकडच्या एका पाहुणीनं एमिललाच विचारलं, "इथे कोण राहतं?"

"सध्या कुणी नाही," तो म्हणाला. "मालक ऑपरेशनला चाललाय."

२४ जून, ओमाहा

आत नेलं. नर्स त्याच्या नखांतली माती ब्रशनं घासत म्हणाली, "काय हो, बाग करता?" एमिल म्हणाला, "घर बांधतो." मग माझ्याकडे बघून, "टबात पाणी घातलंस?" मी म्हटलं, ड्वेनला सांगितलंय. दार बंद झालं.

काय लिहू? वही मांडीवर आहे म्हणून लिहितेय. कॅरल डेनव्हरहून निघालीय.

संध्याकाळ

आहे! एमिल आहे.

१९ जुलै, रविवार

आज पहिल्यांदा माझा हात न धरता अंगणापर्यंत चालला. वजन उतरलंय, शर्ट लोंबतात. छातीवर कॉलरपासून खाली शिवण. म्हणतो, "तुमच्या माळासारखंच. भरून येईल."

दुपारी ढेप लावायला गेलो. टबातली ढेप घेऊन ड्वेन, मागे आम्ही दोघं वरातीसारखे. आणि ढेप बसेना! महिनाभर ड्वेननं इतकं पाणी घातलं की ती फुगून बसलेली. खालून मुळं लोंबतायत, वर हिरवं गवत आणि चक्क एक रानगुलाबाचा धुमारा.

एमिल तिच्याकडे बघून म्हणाला, "मी बारीक झालो, ही जाडी झाली!"

ड्वेननं चाकू काढला, कापून बसवू म्हणाला. मी आणि एमिल एकदम — "नको!"

माळावर नेली. जिथून काढली होती त्या पट्ट्यातच परत बसवली, गवत वर करून. एमिलनं पायानं दाबली, अनवाणी.

"मग कोपरा तसाच?" ड्वेननं विचारलं.

"घराला बसायला जागा लागते," एमिल म्हणाला. ड्वेन गेल्यावर मला म्हणाला, "नंतर लावू, लिबी. आपल्यापैकी जो मागे राहील त्यानं लावायची. दोन मिनिटांचं काम. चालेल?"

मी म्हटलं, "म्हणजे मीच. तुला शिडीवर कोण चढू देणार?"

"बघू की."

परत येताना गाडीत त्यानं मक्याचे भाव लावले. लावू दिले.

१९ एप्रिल २००१, गुरुवार

मीच राहिले मागे.

ड्वेन म्हणाला, येऊ का? म्हटलं, शिडी धर फक्त. सकाळी बूट काढून माळावर गेले, जागा लगेच सापडली. रानगुलाबाचा धुमारा अजून आहे. फावडं मीच मारलं. ढकलगाडीतून गाडीपर्यंत नेली, तिथून म्युझियमला. या वेळी फुगलेली नव्हती. गवत खाली, कोपऱ्यात — गच्च बसली, एमिल. दोन मिनिटंही लागली नाहीत.